स्तुती कशासाठी? ‘क्रिस्तपुराण’ आणि ‘ख्रिस्तायन’

सिंदखेडराजा तालुक्यातील दुसरबीड येथे आमच्या धर्मग्रामातील एक कुटुंब राहते. घरातील कर्ता पुरुष गेल्यावर चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेसाठी मी तेथे गेलो होतो. त्याच्या आजारपणात नोव्हेना झाल्या होत्या, मिस्साही अर्पण केल्या होत्या. प्रार्थना आटोपल्यावर ती भगिनी म्हणाली, “फादर, मागितलं ते तर भेटलं नाही. मंग आता मिस्साले कायले यायचं?”

आराधना, आभार, प्रायश्चित्त आणि याचना हे मिस्साबलिदानाचे चार हेतू मला सेमिनरीपासून मुखोद्गत आहेत. ते सांगण्यासाठी मी तोंड उघडले आणि मिटले. ज्या याचनेला आपण यादीत शेवटी ठेवतो, तीच त्या घरातली पहिली आणि बहुधा एकमेव होती. दोष तिचा नव्हे. आम्ही व्यासपीठावरून तिला दुसरे काय शिकवले?

परतल्यावर मी दोन ग्रंथ पुन्हा काढून बसलो. फादर थॉमस स्टीफन्स हे १५७९ साली गोव्यात आलेले इंग्रज येशूसंघीय. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे छापून निघाले. सुमारे ११ हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे निमित्तही एक प्रश्नच आहे. साष्टीच्या देवळात मुलांची धर्मशिकवण चालू असता एक ब्राह्मण विचारतो, की ही शिकवण उत्तम, परंतु आमची जुनी पुराणे बंद झाली, त्यांच्या जागी वाचावे असे आम्हांला काय दिले? हा प्रश्न स्टीफन्स यांनी आपल्याच ग्रंथात नोंदवून ठेवला, हा त्यांचा मोठेपणा मला वाटतो.

त्यांच्या मंगलाचरणाकडे पाहावे. तेथे प्रथम मागणे नाही. देव कोण आहे हेच कवी सांगत राहतो: विश्व भरून उरलेला, सर्वसमर्थ, स्वर्ग आणि पृथ्वी रचणारा. ज्ञानेश्वरीचा वाचक येथे क्षणभरही परका राहत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी उपासना न्यायाच्या सदरात घातली, कारण ज्याचे देणे त्याला द्यावे हा न्याय. स्टीफन्स यांच्या नमनामागे तीच बैठक आहे. देवाला आपल्या स्तुतीची वाण नाही. मिस्साग्रंथातील एका प्रारंभस्तवनातही हे कबूल केलेले आहे. तरी ती देणे योग्य, कारण तो देव आहे आणि आपण निर्मिलेले आहोत. “स्तुतीचा लाभ आपल्यालाच होतो” असे आम्ही प्रवचनांत हमखास सांगतो. ते खोटे नाही. पण तेवढेच सांगितले, तर उपासना मनःशांतीचे औषध होऊन बसते आणि गुण आला नाही की माणूस औषध सोडतो.

मात्र क्रिस्तपुराणाचा देव उंचावरचा आहे. त्याच्यापुढे मस्तक लवते. दुखावलेले मन त्याच्याशी भांडू शकत नाही. येथे टिळक जवळचे वाटतात. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीतील एका युरोपियन सहप्रवाशाने नारायण वामन टिळकांना नव्या कराराची प्रत दिली. त्यांचे मन डोंगरावरील प्रवचनाने वेधले आणि १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांचा बाप्तिस्मा झाला. ते अमेरिकन मराठी मिशनचे. आपल्या मंडळींत त्यांची भजने सर्रास गायिली जातात, ही गोष्ट कित्येकांच्या ध्यानीही नसते. त्यांच्या अभंगांत भक्त प्रभूपाशी लेकरासारखा हट्ट धरतो, देण्याघेण्याचा हिशेबच उरत नाही. कधी कधी तो इतका विरतो, की पाप आणि क्रूस यांचे ओझे हलके झाल्यासारखे वाटते. ही उणीव मला जाणवते.

टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ आरंभिले आणि दहाएक अध्याय रचून ९ मे १९१९ रोजी ते गेले. पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. ज्यांना अक्षरओळख नवऱ्याने घरीच करून दिली, ज्यांनी त्याच्या धर्मांतराचा घाव सोसला आणि पुष्कळ काळाने स्वतः बाप्तिस्मा घेतला, त्या या बाई. काव्यगुणांच्या तराजूत टिळकांचे अध्याय वरचढ ठरतील, हे मान्य. लक्ष्मीबाईंची रचना साधी, क्वचित नुसती कथा सांगत जाणारी आहे. पण समीक्षक येथे थांबतात, त्याचे मला आश्चर्य वाटते. प्रभूचे चरित्र गाणारा जोडीदार अर्ध्यावर उठून गेला, आणि त्या विधवेने ते गाणे पुढे नेले. याचनेचे फळ तिच्या पदरात कोणते होते? उपासनेच्या कारणांवर मी वाचलेल्या कोणत्याही प्रबंधापेक्षा हे ६४ अध्याय मला अधिक विश्वासार्ह वाटतात.

पुढच्या खेपेस मी ‘ख्रिस्तायन’ सोबत नेले. प्रवचन केले नाही. थोरल्या मुलीने लक्ष्मीबाईंच्या अध्यायांतले दोन-तीन प्रसंग वाचले. आई तांदूळ निवडीत ऐकत होती. मध्येच तिने विचारले, “बाईनं हे नवरा गेल्यावर लिवलं?” मी होय म्हटले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग मुलीला म्हणाली, “थांबली कायले? वाच पुढं.”