मिलेचे ‘आंजेलस’ आणि क्रियापदाचे काळ

इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना चित्राचे वर्णन करावयास सांगितले म्हणजे त्यांच्या हाती बहुधा एकच नियम दिला जातो : चित्रात जे दिसते ते चालू वर्तमानकाळात लिहावे. माणूस चालत आहे, मूल खेळत आहे, स्त्री पाणी भरीत आहे. नियम उपयोगाचा आहे ह्यात शंका नाही. परंतु एखादे थोर चित्र समोर आले की तो किती तोकडा पडतो हे ध्यानी येते. अलीकडे एका भाचीचा असा अभ्यास घेण्याचा प्रसंग आला. चित्र निवडले ते झाँ-फ्रान्स्वा मिले (१८१४-१८७५) ह्या फ्रेंच चित्रकाराचे ‘आंजेलस’.

पॅरिसच्या ओर्से संग्रहालयातील हे चित्र आकाराने लहान आहे. रुंदी ६६ सेंटिमीटर, उंची साडेपंचावन्न. मावळत्या उजेडात, बटाट्याच्या शेतात, एक पुरुष आणि एक स्त्री उभी आहेत. पुरुषाने टोपी काढून हाती धरली आहे. स्त्रीने छातीशी हात जोडले आहेत. दोघांची मस्तके झुकलेली आहेत. खणण्याचे दातेरी अवजार जमिनीत रोवलेले आहे, पायांशी टोपली आहे, मागे पोती लादलेली एकचाकी गाडी आहे आणि दूर क्षितिजावर चर्चचा मनोरा आहे.

भाचीने पहिले वाक्य लिहिले, ‘दे हॅव स्टुड इन द फील्ड.’ चूक खरी, पण तिचे मूळ आपल्या भाषेत आहे. मराठीत आपण ‘तो बसला आहे’, ‘ती झोपली आहे’ असे म्हणतो. रूप पूर्ण वर्तमानकाळाचे, अर्थ मात्र या घडीच्या स्थितीचा. इंग्रजीला तेथे ‘ही इज सिटिंग’, ‘शी इज स्लीपिंग’ असे म्हणावे लागते. म्हणून ‘दे आर स्टँडिंग’. हे समजताच तिने उत्साहाने पुढे लिहिले, ‘द मॅन इज टेकिंग ऑफ हिज हॅट.’

व्याकरणाच्या दृष्टीने ह्या वाक्यात काहीच चूक नाही. चूक आहे ती पाहण्यात. टोपी केव्हाच डोक्यावरून उतरली आहे. ती जर आता उतरत असती, तर प्रार्थना अजून सुरूच व्हायची असती आणि चित्र निराळे झाले असते. येथे ‘हॅज टेकन ऑफ’ हेच हवे. ह्या एका दुरुस्तीत चित्राची किल्ली आहे, असे मला वाटते. मिलेने शेतकरी खणताना रंगवलेला नाही. खणणे थांबले आहे, ते रंगवले आहे. रोवलेले अवजार आणि भरलेली पोती ही सारी नुकत्याच संपलेल्या क्रियांची चिन्हे आहेत. दिवसभर ती दोघे खणत आली आहेत, हे ज्याला वाचता आले नाही त्याला त्यांच्या थांबण्याचे मोल कळणार नाही. घंटेचा नाद तर रंगवताच येत नाही. त्याचा माणसांवर झालेला परिणाम तेवढा दाखवता येतो, आणि चित्रकाराने तेवढाच दाखवला आहे.

साध्या भूतकाळात सांगावे असेही ह्या चित्राबाबत पुष्कळ आहे. एका अमेरिकन ग्राहकाने ते मागवले आणि नेलेच नाही. १८५७ ते १८५९ ह्या काळात ते रंगवले गेले. १८८९ च्या लिलावात त्याला साडेपाच लाख फ्रँकांहून अधिक बोली आली; तोवर चित्रकार निवर्तला होता. परंतु ह्याहून मोलाचा आहे तो रीतिभूतकाळ. १८६५ साली मिलेने सांगितले की ह्या चित्राची कल्पना त्याला आजीच्या आठवणीतून सुचली. शेतात काम चालू असता घंटा ऐकू आली की ती सर्वांना थांबवीत असे आणि मृतांसाठी प्रार्थना करावयास लावीत असे. ‘थांबवीत असे’ ह्या मराठी रूपात जी सवय आणि जो जिव्हाळा आहे, त्याच्या जवळपास इंग्रजीतील ‘यूज्ड टू’ जाते.

ह्या चित्राच्या इतक्या नकला निघाल्या की ते गुळगुळीत झाले, भावविवश ठरले, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. त्या गुळगुळीतपणाला कंटाळूनच की काय, साल्वादोर दाली ह्याने १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात येथे पुरलेल्या बालकाचा शोक पाहिला. अशा तर्कासाठी इंग्रजीत ‘मे’ आणि ‘माइट’ आहेत. दालीने त्यांच्या जागी ठाम विधान वापरले, एवढाच माझा त्याच्याशी वाद आहे. मृतांची आठवण चित्रात आहेच. त्यासाठी टोपलीखाली काही पुरावे लागत नाही.

आंजेलसच्या प्रार्थनेचे काळही पाहण्यासारखे आहेत. आरंभी गाब्रिएल दूताने मरियेला दिलेल्या निरोपाचे कथन भूतकाळात येते. याचना मात्र आताच्या आणि मरणाच्या घडीसाठी असते. शेतातली ती दोन माणसे ह्या दोहोंच्या मध्ये उभी आहेत. म्हणून पालकांना सुचवावेसे वाटते : मुलांना नुसते ‘काय चालले आहे?’ असे विचारू नका. ‘काय होऊन गेले आहे?’ आणि ‘पूर्वी काय होत असे?’ हेही विचारा.

शेवटी भाची एका वाक्यापाशी अडली. घंटा ‘हॅज रंग’ की ‘इज रिंगिंग’? मी पहिले सुचवले. तिने दुसरे लिहिले, आणि कारणही दिले : ती दोघे अजून मान खाली घालून उभी आहेत. मी ते वाक्य खोडले नाही.