एका ओळीची जागा

फायरफॉक्सच्या टूलबारवर रिकाम्या जागी राइट क्लिक करून ‘कस्टमाइझ टूलबार’ निवडलं की नेहमीच्या पानाऐवजी वेगळीच मांडामांड दिसते. सगळी बटणं समोर पसरून ठेवलेली असतात आणि अगदी खाली, डाव्या कोपऱ्यात, एक छोटा चौकोन असतो. त्याच्यापुढे दोनच शब्द: टायटल बार. चौकोनातली टिक काढली की ‘ओके’ दाबावं लागत नाही, ‘नक्की ना?’ असं कुणी विचारत नाही. विंडोच्या माथ्यावरची, पानाचं नाव लिहिलेली आडवी पट्टी त्याच क्षणी जाते आणि खालचं सगळं वर सरकतं. पुन्हा टिक केली की पट्टी परत, सगळं खाली. हे मी किती वेळा करून पाहिलं असेल, सांगता येणार नाही. कवितेतला एक शब्द बोटानं झाकून ती वाचावी आणि मग बोट काढून वाचावी, तसं.

हल्ली ब्राउझर नवा घेतला तर बहुतेक वेळा ही पट्टी आधीच काढलेली असते, त्यामुळे ती कधी होती हेच अनेकांच्या ध्यानात येत नाही. मला मात्र हा चौकोन आणि तो जे घडवतो ते, पडद्यावरच्या सर्वांत देखण्या गोष्टींपैकी वाटतं.

आधी माप घेऊ. माझा लॅपटॉप 1366 बाय 768 पिक्सेलचा. उंचीला 768 म्हणजे बेताचीच. त्यातला काही भाग खालचा टास्कबार खातो, वर टॅबची ओळ असते, पत्त्याची पट्टी असते. टायटल बार ठेवला तर तो सुमारे 30 पिक्सेल घेतो. 30 पिक्सेल म्हणजे किती, हे मराठी मजकूर वाचणाऱ्याला पटकन कळतं. इंग्रजी ओळी जरा दाट बसवल्या तरी भागतं. देवनागरी ओळीला वर आणि खाली दोन्हीकडे मोकळीक लागते. ‘मूर्तींवर’ हा एकच शब्द बघा. ‘मू’च्या पायाशी दीर्घ उकार, तर ‘र्तीं’च्या डोक्यावर वेलांटी, रफार आणि अनुस्वार अशी तिघांची दाटी. वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या रफाराला भिडू नये म्हणून मधलं अंतर सोडावंच लागतं. 16 पिक्सेलच्या अक्षराला 28-30 पिक्सेलची ओळ दिली तर डोळे सुखानं चालतात. म्हणजे टायटल बार गेला की माझ्या पडद्यावर मराठीची बरोबर एक ओळ जास्त येते.

मुद्रितं तपासणं हे माझं रोजचं काम आहे आणि एका ओळीची किंमत मला ठाऊक आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं. ‘समितीने हा प्रस्ताव सर्वानुमते’ इथं पडदा संपला, तर प्रस्ताव मंजूर झाला की फेटाळला गेला ते पुढच्या ओळीत असतं. कर्ता आणि क्रियापद एका नजरेत असतील तर लिंग-वचनाची चूक आपोआप खटकते. क्रियापद पडद्याबाहेर असेल तर चाक फिरवेपर्यंत कर्ता स्त्रीलिंगी होता की नपुंसकलिंगी हे डोक्यात धरून ठेवावं लागतं. त्या 30 पिक्सेलमध्ये माझी कितीतरी वाक्यं पूर्ण झाली आहेत.

म्हणून जुन्या पट्टीला नावं ठेवावीत असं मात्र नाही. 1984 सालच्या मॅकिन्टॉशचा पडदा 512 बाय 342 पिक्सेलचा, काळापांढरा. इतक्या चिमुकल्या पडद्यावरही प्रत्येक विंडोला टायटल बार होता आणि त्यात उधळेपणा नव्हता. विंडो टेबलावरच्या कागदांसारख्या एकावर एक पडायच्या. त्यांतली सध्या कामाची कोणती, हे कळावं म्हणून तिच्या पट्टीत बारीक आडव्या रेघा असत. ती मागे गेली की रेघा पुसल्या जात आणि नुसतं नाव उरे. डावीकडे बंद करायचा चौकोन. पट्टी धरून ओढली की विंडो सरके. नाव सांगायचं, जागं कोण ते दाखवायचं, धरायला मूठ द्यायची आणि दार लावायची सोय करायची, ही चार कामं त्या रेघाळ पट्टीनं एकटीनं केली. तिचं चित्र आज पाहिलं तरी मी थांबतो.

पण त्या चार कामांमागे एक गृहीत होतं: विंडो बऱ्याच आहेत आणि त्या पडद्यापेक्षा लहान आहेत. एकच विंडो पडदाभर पसरली की ती सरकवायची कुठं? मागे कुणी दिसतच नसेल तर जागं कोण हे सांगायचं कुणाला? उरलं नाव आणि दार. टॅब आल्यापासून नावही खाली टॅबवर लिहिलेलं असतं. पट्टीची कामं अशी एकेक करून सुटली होती, तरी पट्टी कित्येक वर्षं जागेवर होती.

तिची अडचण सर्वांत आधी लहान पडद्यांना जाणवली. 2007मध्ये आसुसचा ‘ई पीसी 701’ आला. सात इंची पडदा, 800 बाय 480 पिक्सेल. 480मधले 30 म्हणजे सोळावा हिस्सा. रुपयातला पुरा एक आणा नुसत्या नावाच्या पाटीवर खर्च. पुढच्याच वर्षी उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या नेटबुकसाठीच्या, म्हणजे अशा छोट्या लॅपटॉपसाठीच्या, आवृत्तीत ‘मॅक्सिमस’ नावाचा एक छोटा प्रोग्राम होता. उघडेल ती विंडो तो पडदाभर पसरवायचा आणि तिची पट्टी काढून टाकायचा. गरजेपोटी केलेलं सरळ काम होतं ते.

त्या कामाला डौल आला तो 2 सप्टेंबर 2008 रोजी, गूगलचा ब्राउझर बाहेर पडला तेव्हा. विंडोच्या चौकटीला, तिच्या पट्ट्या-बटणांच्या साजाला या व्यवसायातले लोक क्रोम म्हणतात. ज्या ब्राउझरनं तो साज कमीत कमी ठेवायचं ठरवलं, त्यानं तेच नाव घेतलं. त्यात टॅब थेट टायटल बारच्या जागी चढवले होते. विंडो लहान असताना टॅबच्या वर एक बारीक पट्टा मोकळा राहायचा, ती धरून ओढता यावी म्हणून. विंडो मॅक्सिमाइझ केली की तो पट्टाही जायचा आणि टॅब पडद्याच्या वरच्या कडेला टेकायचे.

या टेकण्यात मोठं सुख आहे. पॉल फिट्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं 1954मध्ये दाखवलं होतं की एखाद्या जागी हात न्यायला लागणारा वेळ ती जागा किती दूर आणि किती मोठी यावर ठरतो. पडद्याच्या कडेला असलेलं बटण या हिशेबानं खूप मोठं होतं, कारण माउस कितीही जोरात वर ढकलला तरी बाण कडेपलीकडे जात नाही. अंधारात भिंतीशी हात टेकला की दिव्याचं बटण हाताला लागतं, तसा टॅब हाताला लागतो. टॅब आणि कड यांच्यामध्ये टायटल बार होता तोवर नेम धरून थांबावं लागायचं. पट्टी काढून जागा वाचली हे सगळ्यांना दिसतं. हाताला विसावा मिळाला हे दिसत नाही, पण दिवसभरात शंभरदा जाणवतं.

फायरफॉक्सनं मार्च 2011मधल्या चौथ्या आवृत्तीत टॅब वर नेले. तरीही मला क्रोमपेक्षा फायरफॉक्सची पुढची रचना जास्त आवडते आणि त्याचं कारण आहे एक रिकामी जागा.

टायटल बारची टिक काढा आणि विंडो मॅक्सिमाइझ न करता जरा लहान ठेवा. आता टॅबच्या ओळीच्या अगदी डाव्या टोकाला बघा. तिथं काहीच नाही. चिन्ह नाही, अक्षर नाही, 40 पिक्सेल रुंदीचा नुसता मोकळा तुकडा. उजवीकडे, बटणांच्या आधी, तसाच आणखी एक. डावीकडचा तुकडा माउसनं धरून ओढला तर अख्खी विंडो मागे येते. त्यावर डबल क्लिक केलं तर ती पडदाभर पसरते, आणि पसरताक्षणी डावीकडचा तो तुकडा नाहीसा होतो. टॅबची ओळ सरकून कडेला जाते. विंडो पुन्हा लहान केली की तुकडा परत हजर. तो धरायचा कुठं हे सांगणारी कुठलीही खूण नाही. तरी हात नेमका तिथंच जातो, कारण वर्षानुवर्षं विंडो धरायची सवय त्याच उंचीवरची आहे. पट्टी गेली, पण पट्टीवर जाणाऱ्या हाताची आठवण ठेवून कुणीतरी तिथं 40 पिक्सेल सोडले. काढून टाकणं सोपं असतं. काढलेल्या गोष्टीचं काम कुणाकडे सोपवलं हे बघितलं की घडवणाऱ्याची माया कळते.

माझे मामा खिळ्यांच्या छापखान्यात जुळारी होते. दोन शब्दांमधली, परिच्छेदाच्या सुरुवातीची कोरी जागा त्या काळी आपोआप राहत नसे. तिच्यासाठी शिशाचे ठोकळे असत, अक्षरांच्या खिळ्यांपेक्षा उंचीला कमी, म्हणजे शाई त्यांना लागू नये. कोरी जागाही हातानं उचलून बसवावी लागे आणि पानाच्या वजनात तिचंही वजन असे. फायरफॉक्सचा तो 40 पिक्सेलचा तुकडा मी पहिल्यांदा लक्ष देऊन पाहिला तेव्हा मामांच्या खणातले ते बुटके ठोकळे आठवले. ब्राउझरच्या कोडमध्येही ती जागा ‘स्पेसर’ या नावानं, एक वस्तू म्हणूनच मांडलेली आहे.

याउलट केडीई या लिनक्स डेस्कटॉपवर कुठल्याही विंडोची पट्टी आणि चौकट मुळापासून काढायची सोय आहे. काढली की विंडो उघडीबोडकी होते. धरायला काही नाही, दार नाही, आणि पट्टी परत आणायचा मेनू पट्टीवरच होता. ऑल्ट आणि एफ-3 एकदम दाबायचं माहीत असेल तर मेनू मिळतो. हे मला रुचत नाही. त्याच केडीईच्या सेटिंगच्या फाइलमध्ये मात्र ‘बॉर्डरलेस मॅक्सिमाइझ्ड विंडोज’ अशी एक ओळ लिहिता येते. तिच्यासमोर ‘ट्रू’ घातलं की विंडो पडदाभर असेल तेवढाच वेळ पट्टी जाते, लहान केली की येते. एका ओळीत केवढी समज आहे! पट्टी नकोशी कधी होते आणि हवी कधी असते, हे तिला बरोबर कळलं आहे.

ही पट्टी मुळात पडद्यावर रेखाटतं कोण, हाही गमतीचा भाग आहे. परंपरेनं टायटल बार हा प्रोग्रामचा नसतोच. तो विंडो मॅनेजर, म्हणजे सगळ्या विंडोंची मांडणी सांभाळणारा वेगळा प्रोग्राम, रेखाटतो आणि प्रोग्रामनं आपला पसारा त्याच्याखाली मांडायचा असतो. मोडी लिहिताना आधी कागदभर आडव्या रेघा ओढून घेत आणि मग त्या रेघांना अक्षरं टांगत जात. रेघ आधी, मजकूर नंतर. देवनागरीत आपण शब्द लिहून झाल्यावर वर शिरोरेषा देतो, म्हणजे रेघ शब्दाची स्वतःची असते. टायटल बार लपवणारा प्रोग्राम मोडीकडून देवनागरीकडे येतो असं मला वाटतं. वरची रेघ दुसऱ्यानं ओढून दिलेली नको, मी माझ्या मजकुराच्या मापानं ओढेन, असं तो म्हणतो. लिनक्सवर फायरफॉक्सला हे जमायला 2018 उजाडावं लागलं, आवृत्ती 60. आणि गुजरातीनं तर शिरोरेषाच सोडली, तरी तिची अक्षरं ओळीत सरळ उभी असतात. रेघ नसली तरी रेघेची उंची लिहिणाऱ्याच्या हातात असते. तो 40 पिक्सेलचा तुकडा याच जातीचा.

एक गोष्ट मात्र खरोखर हरवते, आणि ती मी मान्य करतो. नाव. टायटल बारमध्ये पानाचं पूर्ण नाव मावायचं. टॅबवर ते मावत नाही. कडेशी येता येता अक्षरं पुसट होत विरून जातात. पाच-सहा सरकारी पानं उघडली की सगळ्या टॅबवर ‘महाराष्ट्र शासन’ आणि पुढे धुकं. कुठला विभाग, कुठलं परिपत्रक, ते धुक्यात. माउस टॅबवर नेऊन थांबलं की पूर्ण नाव उमटतं, पण थांबावं लागतं. मराठी नावं सामान्याकडून विशेषाकडे जातात, आधी राज्य, मग खातं, मग विषय. टॅब नेमका विशेषच कापतो. मी माझ्या एका ओळीसाठी ही किंमत रोज मोजतो.

मामा आता डोळ्यांनी थकले आहेत, तरी रोज सकाळी संगणकावर बातम्या वाचतात. गेल्या दिवाळीत त्यांच्याकडे गेलो असताना त्यांनाही एक ओळ जास्त दिसावी म्हणून मी ती टिक काढून दिली. थोड्या वेळानं आतून हाक आली.

“अरे, हे कुठलं पान म्हणायचं? वर नावच नाही.”

“मामा, टॅबवर बघा ना, तिथं आहे.”

“तिथं अर्धंच आहे रे.”

मी परत टिक केली. पट्टी आली, बातमीची शेवटची ओळ पडद्याखाली गेली. मामांनी खुर्ची पुढे ओढली, वरचं नाव सावकाश, ओठ हलवत, शेवटच्या ‘मोझिला फायरफॉक्स’पर्यंत पूर्ण वाचलं, आणि मग बातमीवर आले.