बसवनगुडीचा नंदी : आकाराची भाषा

बदलीच्या गावी आलेला मराठी माणूस बाजारापुरती कानडी लवकरच शिकतो. दगडाची भाषा शिकण्याची निकड मात्र त्याला सहसा भासत नाही. बसवनगुडीच्या दोड्ड बसवण्णापुढे आम्ही अनेकदा उभे राहिलो, ते पाहुण्यांना दंतकथा ऐकविण्यासाठी. भुईमुगाचे पीक फस्त करणाऱ्या बैलाला शेतकऱ्याने सोटा हाणला. बैलाची शिळा झाली. शिळा वाढू लागली. अखेर माथ्यावर त्रिशूळ ठोकून तिची वाढ थांबविली. एवढे सांगून झाले की आमचे पाहणे संपे. वाङ्मयावर पोसलेल्या आमच्या रसिकतेची ही जुनी खोड आहे. मूर्तीत काय सांगितले आहे, हे आम्ही आधी विचारतो. रेषा, घनता, पोत, अवकाश यांची विचारपूस बहुधा राहूनच जाते.

आता गोष्ट क्षणभर बाजूस ठेवू. केंपेगौडांनी १५३७ च्या सुमारास उभारलेल्या या देवळातील नंदी एकाच पाषाणाचा, सुमारे १५ फूट उंच व २० फूट लांब आहे. मूळचा करडा दगड कोळसा व तेल यांच्या लेपाने काळाभोर झाला आहे. त्यामुळे कोरीव तपशील मागे सरतो आणि वशिंड, पाठ व कुशी यांची गोलाईच तेवढी उजेड झेलते. गाभारा मूर्तीच्या मानाने तोकडा. प्रदक्षिणेच्या अरुंद वाटेवरून संपूर्ण नंदी एका दृष्टिक्षेपात मावतच नाही. कुशीशी पोचावे तो समोर केवळ एक वळत जाणारी काळी भिंत उरते.

म्हैसूरजवळच्या चामुंडी टेकडीवरील सतराव्या शतकातला नंदी आठवून पाहावा. आकारमानाने तोही असाच प्रचंड. बसण्याची ढबही तीच. परंतु तो उघड्यावर आहे. आभाळाच्या पार्श्वभूमीवर त्याची बाह्यरेषा अखंड दिसते, आणि तो शांत, आपल्या जागी सुखाने विसावलेला वाटतो. बसवनगुडीचा नंदी मात्र भिंतींना रेटतो आहे असा भास होतो. विषय एकच असता हा भेद पडतो, तो मुख्यतः अवकाशाने.

येथे आम्हांस त्या दंतकथेकडे परतावे लागते. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेचा. तो आपल्याकडे पोर्तुगीजांच्या काळात आला असे मानतात. तेव्हा कथा मूर्तीनंतरची असण्याचाच संभव अधिक. म्हणजे कथेवरून नंदी घडला नाही. नंदी पाहून कथा सुचली. ‘हा वाढतो आहे’ असे जो प्रथम म्हणाला, त्याने घनता आणि अवकाश यांचे नाते अचूक ओळखले होते. कार्तिकातील अखेरच्या सोमवारी भुईमुगाच्या शेंगा घेऊन परिषेला येणाऱ्या शेतकऱ्यांच्या पूर्वजांनी केलेली ही कलासमीक्षाच होय. आम्ही मात्र तिचे शब्द पाठ केले आणि त्यांमागचे पाहणे विसरलो.

पुढल्या खेपेस पाहुण्यांना आधी मुकाट्याने एक प्रदक्षिणा घालू द्यावी, गोष्ट मागाहून सांगावी, असे आम्ही ठरविले आहे. कदाचित ती सांगण्यापूर्वीच त्यांच्यातले एखादे मूल विचारील, ‘हा अजून वाढतोय का?’