इब्सेनची प्रारंभीची नाटके

इब्सेनची प्रारंभीची नाटके : सुप्रसिद्ध नॉर्वेजियन नाटककार हेन्‍रिक इब्सेन (१८२८–१९०६) ह्याने १८६४ मध्ये स्वदेश सोडण्यापूर्वी लिहिलेली नाटके. बाहुलीचे घर (१८७९), भुते (१८८१) ह्यांसारख्या नाटकांच्या तुलनेने ती दुर्लक्षित राहिली. इब्सेन म्हणजे सामाजिक समस्यांचा नाटककार, हे समीकरण ह्यास बऱ्याच अंशी कारणीभूत आहे. बर्नार्ड शॉने १८९१ मधील आपल्या ग्रंथात इब्सेनमधील रूढिभंजक विचारवंतावर भर दिला. मराठी वाचकांनाही तो मुख्यतः बाहुलीचे घर आणि त्यावर आधारलेले अनंत काणेकरांचे घरकुल ह्यांमुळेच परिचित झाला. ह्या चौकटीत प्राचीन व मध्ययुगीन विषयांवरील नाटकांना स्थान मिळणे कठीण होते.

कॅटिलिना (१८५०) हे त्याचे पहिले नाटक बहुतांशी निर्यमक पद्यात आहे. औषधविक्रेत्याकडे उमेदवारी करीत असता रात्री जागून लिहिलेले हे नाटक त्याने टोपणनावाने, एका मित्राच्या खर्चाने प्रसिद्ध केले. त्याच्या प्रती फारशा खपल्या नाहीत. ह्यातील रोमन बंडखोर एका स्त्रीच्या बहिणीचा नाश करणाऱ्याचा सूड घेण्याची शपथ वाहतो. परंतु तो अपराधी तो स्वतःच असतो. आकांक्षा आणि कुवत ह्यांतील विसंगती हा आपल्या पुढील लेखनातील विषय येथे सूचित झाला होता, असे १८७५ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत इब्सेननेच नमूद केले आहे.

बर्गेन येथील नाट्यगृहात (१८५१–५७) काम करताना फ्रेंच नाटककार स्क्रीब ह्याच्या धर्तीचे बांधीव रचनातंत्र त्याने आत्मसात केले. ऑस्ट्रोटची इंगेर (प्रयोग १८५५) ह्या गद्य नाटकात मुलाला राज्यपद मिळावे म्हणून नायिका ज्याचा वध करविते, तो तिचाच पुत्र निघतो. हेल्गेलांदचे वीर (१८५८) मधील ह्यर्डिस ही हेडा गाब्लरची (१८९०) पूर्वज म्हणता येईल. दोघींच्याही कर्तृत्वाला वाव न मिळाल्याने ते संहारक बनते. प्रेमाची सुखात्मिका (१८६२) मध्ये समकालीन विवाहसंस्थेवर उपरोध असून त्यावर कडाडून टीका झाली.

योगायोगांची रेलचेल, लांबलेली स्वगते आणि डॅनिश कवी एलेनश्लेगर ह्याचा प्रभाव हे ह्या नाटकांतील दोष उघड आहेत. तथापि त्यांना केवळ उमेदवारीचे लेखन मानल्यास उत्तरकालीन नाटकांचाही अर्थ संकुचित होतो. पूर्वी घडलेले कृत्य वर्तमानाला ग्रासते आणि माणसाला स्वतःचाच न्यायनिवाडा करावा लागतो, हे सूत्र कॅटिलिनापासूनचे आहे. नोराने पूर्वी केलेली खोटी सहीही त्याच सूत्रात बसते. आपण समाजचिंतकापेक्षा कवीच अधिक आहोत, असे इब्सेनने १८९८ मध्ये नॉर्वेतील स्त्री-हक्क संघटनेच्या समारंभात सांगितले होते. त्या विधानाचा सबळ पुरावा ह्या उपेक्षित नाटकांत मिळतो.