टीसीपीव्ह्यू : जोडणी तोडण्यापूर्वी

आपला संगणक या क्षणी दूरच्या कोणकोणत्या सर्व्हरशी जोडलेला आहे हे दाखवणारा, आणि नको असलेली जोडणी तोडू देणारा टीसीपीव्ह्यू हा विंडोजवरचा छोटा, मोफत प्रोग्राम आहे. तो सिसइंटर्नल्स या संचातला. २००६ मध्ये हा संच मायक्रोसॉफ्टकडे आला.

वर्गात दाखवण्याजोगे त्यात पुष्कळ आहे. नवी जोडणी हिरव्या ओळीत उमटते, संपलेली तांबडी होऊन नाहीशी होते. ब्राउझरमध्ये एक पान उघडले की किती जोडण्या होतात, हे मुलांना स्वतः पाहता येते.

उणीव आहे ती जोडणी तोडण्याच्या सोयीत. टीसीपीच्या १९८१ च्या नियमांनुसार एरवी दोन्ही बाजू आपले बोलणे संपल्याचे कळवतात, समोरच्याची पोच घेतात आणि मगच जोडणी मिटते. हे साधन मात्र प्रोग्रामला न विचारता मध्येच दोर कापते. उतरत असलेली फाईल अर्धवट राहू शकते. शिवाय प्रोग्राम चालूच असल्याने तो पुन्हा जोडणी करू शकतो. म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! यूडीपीत तर जोडणीच नसते. मग तोडणार काय?

म्हणून तोडण्याआधी मुलांना विचारायला शिकवावे : ही जोडणी कोणत्या प्रोग्रामने केली, आणि कशासाठी? पहिल्या प्रश्नाचे उत्तर पडद्यावर मिळते. दुसऱ्याचे आपणच शोधायचे असते. निरीक्षणाचे उपकरण म्हणून टीसीपीव्ह्यू उत्तम, सुरक्षिततेचा उपाय म्हणून अपुरा.