दोन वह्या : ‘ड्वॉर्फ फोर्ट्रेस’मधील जीवांचे वर्गीकरण

व्हिडिओ गेमवरचा लेख संशोधन विभागात पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. त्यांना आरंभीच सांगतो की, खेळ कसा खेळावा हा या लेखाचा विषय नाही. एखाद्या जगातल्या यच्चयावत जीवांची नोंद करायची झाली, तर कोणाबद्दल काय लिहायचे आणि ते कोणत्या वहीत लिहायचे, हा विषय आहे. प्रश्न जुना आहे. एका खेळाने तो आपल्या पद्धतीने सोडवला, आणि त्या पद्धतीमुळे आपल्याच घरातले एक जुने दुखणे नीट दिसते, एवढे मला दाखवायचे आहे.

खेळाचे नाव ‘ड्वॉर्फ फोर्ट्रेस’. टार्न आणि झॅक ॲडम्स या अमेरिकन भावांनी २००२ मध्ये त्याचे काम सुरू केले आणि ऑगस्ट २००६ मध्ये पहिली आवृत्ती विनामूल्य खुली केली. २०१२ मध्ये न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने प्रथमच काही व्हिडिओ गेम आपल्या संग्रहासाठी निवडले. त्या चौदांत हा होता. डिसेंबर २०२२ मध्ये चित्रांसह विकत मिळणारी आवृत्ती आली. तोवर खेळाच्या मूळ रूपात पडद्यावर अक्षरे आणि चिन्हेच दिसत. रोमन लिपीतला लहान ‘डी’ म्हणजे कुत्रा, मोठा ‘डी’ म्हणजे ड्रॅगन. खेळणाऱ्याने ड्वॉर्फांची, म्हणजे युरोपीय लोककथांतल्या बुटक्या खाणकऱ्यांची, वसाहत चालवायची. त्याआधी संगणक एक अख्खे जग आणि त्याचा इतिहास रचून ठेवतो. त्या जगात गाय, मांजर, हत्ती आहेत. अरण्यात राहणारे एल्फ आहेत, मुले पळवणारे गॉब्लिन आहेत आणि सात तोंडांचा हायड्राही आहे.

हायड्रावरून वर्गीकरणशास्त्राच्या इतिहासातला एक प्रसंग आठवतो. १७३५ मध्ये कार्ल लिनियस हॅम्बुर्गला गेला, तेव्हा तिथे एक सात तोंडांचा हायड्रा पेंढा भरून जपून ठेवलेला होता आणि त्याला मोठी किंमत सांगितली जात होती. लिनियसने तो निरखून पाहिला आणि तोंडांतले जबडे व पाय विंझलजातीच्या प्राण्याचे असून त्यावर सापाची कातडी चढवली आहे, हे ओळखले. मालकांचा रोष नको म्हणून त्याने लवकरच ते शहर सोडले. त्याच वर्षी त्याचा ‘सिस्टिमा नॅच्युरी’ हा ग्रंथ निघाला. त्यात हायड्रा, फिनिक्स, एकशिंगी घोडा अशांसाठी त्याने ‘पॅराडॉक्सा’ नावाचा वेगळा रकाना ठेवला होता. खऱ्या प्राण्यांच्या पंक्तीत त्यांना बसू द्यायचे नाही, हा हेतू.

ॲडम्स बंधूंनी नेमका हा रकाना पुसला. त्यांच्या जगात गाय आणि हायड्रा यांची नोंद एकाच नमुन्यात होते. ती साध्या मजकुराच्या फाइलींत असते आणि खेळणाऱ्याला उघडून वाचता येते, बदलताही येते. प्रत्येक जीवासाठी चौकटी कंसातल्या खुणांची यादी : शरीराचे भाग कोणते, आकारमान किती, अंडी घालतो का, दूध देतो का, विषबाधा होते का, कोणत्या प्रदेशात आढळतो. इथे वंशवृक्ष नाही. मांजर आणि वाघ एकाच कुळातले, ही गोष्ट खेळाला कळत नाही. त्याला फक्त दोन याद्या कळतात. एका यादीवर ठरावीक फेरफार केले की नवा जीव तयार होतो. चिमणीवर एक फेरफार लावला की राक्षसी चिमणी, दुसरा लावला की चिमणीमाणूस.

आपल्या परंपरेतले अंडज, जरायुज, स्वेदज, उद्भिज्ज हे वर्गीकरण जन्माच्या रीतीवर उभे आहे, लिनियसचे शरीररचनेवर, डार्विननंतरचे वंशावर. या खेळातले वर्गीकरण केवळ गुणांच्या बेरजेवर आहे आणि त्याचे परिणाम कधीकधी कर्त्यांनाही चकित करतात. काही वर्षांपूर्वी खेळातल्या मद्यगृहांत मांजरे मरू लागली. टार्न ॲडम्स यांनी शोध घेतला. जमिनीवर सांडलेली बिअर मांजरांच्या पंजांना लागत होती, मांजरे अंग चाटून साफ करतात म्हणून ती पोटात जात होती, आणि देह लहान असल्यामुळे विषबाधा होत होती. चाटण्यातून पोटात जाणाऱ्या दारूचे प्रमाण हिशेबात भलतेच मोठे धरले गेले होते, ही त्यातली चूक. बाकी सारे यादीबरहुकूम घडले. ‘मांजराने दारूने मरावे’ असे कुठेही लिहिलेले नव्हते.

आता मुख्य मुद्दा. या यादीत दोन खुणा अशा आहेत की त्यांनी जीवाचा दर्जा ठरतो. एक, ‘शिकू शकतो’. दुसरी, ‘बोलू शकतो’. दोन्ही असल्या की तो बुद्धिमान. पण दोन्हींचे वजन सारखे नाही. ट्रोल नावाचा धिप्पाड जीव मंद गतीने का होईना शिकतो, पण त्याला भाषा नाही. तरीही ड्वॉर्फ त्याला खाटिकखान्यात नेत नाहीत. मांस ठरण्यापासून जीवाला वाचवते ती शिकण्याची क्षमता. वाचा नसली तरी चालते.

मराठी वाचकाला इथे पैठणची कथा आठवल्याखेरीज राहणार नाही. संन्याशाच्या मुलांना कोणत्या वर्गात घालायचे हा ब्रह्मवृंदापुढचा पेच होता. तो रेड्याच्या मुखातून वेद वदवून सुटला, असे परंपरा सांगते. कथेचा जोर वाचेवर आहे. रेडा बोलला म्हणून सभा नमली. माणूस आणि पशू यांच्यामधली रेघ वाचेवर ओढण्याची रीत जगभर आढळते. ॲडम्स बंधूंनी ती सरकवून शिकण्यावर नेली. मुक्या प्राण्यांबद्दल आज जी चर्चा चालते ती पाहता, मला ही निवड अधिक न्याय्य वाटते.

अर्थात ‘शिकू शकतो’ ही खूण जीवाची केवळ क्षमता सांगते. त्या जीवाशी इतरांनी कसे वागावे, हे दुसरीकडे लिहिलेले असते. इथे खेळाची खरी करामत आहे. त्यात दोन वेगळ्या वह्या आहेत. पहिली जीवांची, तिला मी जन्माची वही म्हणतो. दुसरी समाजांची. शत्रूला ठार केल्यावर त्याचे मांस खावे का, गुलाम ठेवावेत का, झाड तोडणे गुन्हा आहे का, चोरीला शिक्षा काय, हे प्रश्न समाजाच्या वहीत येतात. एल्फांच्या समाजाला जिवंत झाड तोडणे असह्य वाटते, पण लढाईत मारलेल्या बुद्धिमान शत्रूला खाणे मान्य आहे. ड्वॉर्फांचे याच्या नेमके उलट. झाड त्यांना लाकूडच दिसते आणि बुद्धिमान जीवाला खाणे त्यांच्या कल्पनेतही बसत नाही. यातले काहीही एल्फाच्या किंवा ड्वॉर्फाच्या रक्तात लिहिलेले नाही.

दोन वह्या वेगळ्या असल्याचा पुरावा पळवून नेलेल्या मुलांत मिळतो. गॉब्लिनांनी ड्वॉर्फाचे मूल नेले तर ते गॉब्लिनांच्या समाजात वाढते. देह ड्वॉर्फाचाच राहतो, त्याला म्हातारपण येते. गॉब्लिनांना ते येत नाही आणि अन्नपाण्याचीही गरज नसते. पण रीतिरिवाज, निष्ठा आणि वैर हे सारे वाढवणाऱ्यांचे. असे मूल पुढे गॉब्लिनांमध्ये मानाच्या जागीही पोचू शकते. जन्म एका वहीत, संस्कार दुसऱ्या वहीत. टोल्किनच्या जगातले ऑर्क जन्मतःच दुष्ट आहेत की त्यांना तसे घडवले, हा प्रश्न त्याला अखेरपर्यंत छळत राहिला. त्याच्याच वारशावर उभ्या असलेल्या या खेळाने निदान प्रश्नाची दोन टोके वेगळी केली.

लिनियसला हे जमले नव्हते. हॅम्बुर्गच्या हायड्राचे शिवण ज्याला दिसले, त्याच लिनियसने १७५८ च्या दहाव्या आवृत्तीत माणसाचे खंडांनुसार चार प्रकार पाडले. त्वचेच्या रंगापाठोपाठ प्रत्येकाचा स्वभाव लिहिला, पोशाख लिहिला, आणि कोणावर रूढीचे, कोणावर कायद्याचे, कोणावर मताचे आणि कोणावर लहरीचे राज्य चालते, हेही लिहिले. पोशाख आणि राज्यपद्धती प्राणिशास्त्राच्या ग्रंथात! समाजाच्या वहीतला मजकूर जन्माच्या वहीत उतरवला गेला. पुढे वंशवादाला हीच वही उपयोगी पडली.

ॲडम्स बंधूंची वहीही तीन ठिकाणी घसरते. पहिले ठिकाण स्वभावाचे. राग, लोभ, क्रौर्य यांचे आकडे जन्माच्या वहीत आहेत. ते किमान, मध्य आणि कमाल असे दिलेले असल्यामुळे एखादा गॉब्लिन दयाळू निघू शकतो, हे मान्य. तरी गॉब्लिनांचा मध्यच क्रौर्याकडे सरकवून ठेवला आहे. गंमत म्हणून ते खपेल, पण लिनियसच्या चार रकान्यांशी त्याचे नाते नाकारता येत नाही.

दुसरे ठिकाण किमतीचे. जुन्या आवृत्त्यांत मत्स्यमानवांच्या हाडांना फार किंमत होती. तेव्हा काही खेळणाऱ्यांनी त्यांना कोंडून, त्यांची पैदास करून, पिल्ले पाण्याबाहेर मारण्याची योजना आखली. टार्न ॲडम्स अस्वस्थ झाले आणि त्यांनी हाडांची किंमत उतरवली. कृती माणुसकीची होती. पण बाजारभाव ही बाजाराची गोष्ट आहे, जीवाच्या जन्मनोंदीत तिला रकाना असावाच का? आकडा बदलला, रकाना राहिला.

तिसरे ठिकाण एका शब्दाचे, आणि तो शब्द आपल्या दारावरून गेला आहे. या खेळात प्रत्येक जीवाचे जे पोटभेद असतात, त्यांना ‘कास्ट’ म्हणतात. बहुतेक जीवांत नर आणि मादी हे दोन कास्ट. मुंगीमाणसांत कामकरी, सैनिक, नर आणि राणी असे चार. पोर्तुगिजांनी हिंदुस्थानात आल्यावर इथल्या जातींना आपला ‘कास्टा’ हा शब्द लावला, तो इंग्रजीत गेला, तिथून मुंग्या-मधमाश्यांच्या अभ्यासकांनी उचलला आणि त्यांच्याकडून खेळात आला. मुंगीमाणसाचा कास्ट जन्मताच ठरतो आणि मरेपर्यंत बदलत नाही. मुंगीच्या बाबतीत ही शरीररचना झाली. माणसांच्या जातीला लावलेला शब्द असा कीटकांच्या देहावर जाऊन बसला की जातही देहातलीच गोष्ट आहे, असा भास पक्का होतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधाचे महत्त्व इथे कळते. जातीचे मूळ त्यांनी रक्तात किंवा वर्णात शोधले नाही. आपल्या गटातच लग्न करण्याचा नियम आणि तो टिकवण्यासाठी स्त्रियांवर लादलेल्या रूढी, या यंत्रणेत ते शोधले. लग्नाचा नियम म्हणजे समाजाच्या वहीतली नोंद. जन्माच्या वहीत जातीला जागाच नाही, हे त्यांनी वयाच्या पंचविशीत दाखवून दिले.

उलट दिशेचे उदाहरण १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचे. त्याने गुन्हा ही कृती जन्माच्या वहीत नोंदवली. मूल पाळण्यात असतानाच गुन्हेगार जमातीचे ठरले. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला आणि त्या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. पण सरकारी फाइलीतून पुसलेली नोंद लोकांच्या मनातून तेवढ्याने पुसली जात नाही. लक्ष्मण गायकवाड यांच्या आत्मकथनाचे नाव ‘उचल्या’ आहे, ते उगाच नव्हे. धंद्याचा आळ आणि जमातीचे नाव एकाच शब्दात गोठले होते.

खेळातली फाइल आणि सरकारी फाइल एका मापाने मोजता येत नाहीत, हे उघड आहे. तिथे चुकीच्या नोंदीने चार मत्स्यमानव मरतात, इथे पिढ्या जातात. तरीही खेळाचा एक गुण मोलाचा वाटतो. त्याच्या दोन्ही वह्या उघड्या आहेत. कोणती नोंद कोणत्या वहीत आहे, हे कोणालाही वाचता येते, आणि नोंद चुकीच्या वहीत आहे असे वाटले तर ती काढून दुसरीकडे लिहिता येते. आपल्याकडे जनगणनेच्या अर्जापासून शाळेच्या दाखल्यापर्यंत दोन्ही वह्यांची पाने एकत्र शिवलेली असतात, आणि ती शिवण सहसा कोणी तपासत नाही.

म्हणून नव्या पिढीतल्या वाचकांना एक सुचवावेसे वाटते. हा खेळ खेळत असाल तर एकदा त्याच्या फाइली उघडून वाचा. प्रत्येक खुणेसमोर विचारा, ही जीवाची गोष्ट आहे की त्याच्याभोवतीच्या लोकांची? हीच सवय मग शाळेच्या दाखल्यावरही चालवून पाहा.