मानवी हक्कांचे उल्लंघन आणि वृत्तमाध्यमे : खैरलांजी प्रकरणाच्या वार्तांकनाची चिकित्सा

प्रस्तावना

लोकशाहीत वृत्तपत्रांना चौथा आधारस्तंभ म्हटले जाते. मानवी हक्क दिनाच्या निमित्ताने होणाऱ्या व्याख्यानांत आणि चर्चासत्रांत हे वाक्य हमखास उच्चारले जाते. परंतु एखाद्या खेड्यातील दुर्बल कुटुंबाच्या जगण्याचा हक्क हिरावून घेतला जातो, तेव्हा हा आधारस्तंभ नेमका कुठे उभा असतो, या प्रश्नाची तपासणी क्वचितच होते. प्रस्तुत लेखात खैरलांजी हत्याकांडाच्या वार्तांकनाच्या आधारे ही तपासणी करण्याचा प्रयत्न केला आहे.

२९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यातील खैरलांजी या गावी भोतमांगे या दलित कुटुंबातील चार जणांची, म्हणजे आई, मुलगी व दोन मुलांची, जमावाने हत्या केली. कुटुंबप्रमुख तेवढे वाचले. आज हे प्रकरण अत्याचारविरोधी चळवळीच्या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा मानले जाते. मात्र घटना घडल्यानंतर जवळजवळ महिनाभर महाराष्ट्राच्या बहुतांश वाचकांना तिचे खरे स्वरूप ठाऊकच नव्हते. हा विलंब अपघाती होता की वृत्तव्यवहाराच्या रचनेतच त्याची कारणे होती, हा या लेखाचा मध्यवर्ती प्रश्न होय.

गुन्हेवार्ता आणि मानवी हक्कांची वार्ता

प्रारंभी एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. प्रत्येक खून हा गुन्हा असतो, परंतु प्रत्येक खुनाची बातमी ही मानवी हक्कांच्या उल्लंघनाची बातमी नसते. मानवी हक्क संरक्षण अधिनियम, १९९३ मध्ये जीवित, स्वातंत्र्य, समता व प्रतिष्ठा यांच्याशी संबंधित हक्कांना मानवी हक्क म्हटले आहे. याच अधिनियमाच्या कलम १२ नुसार आयोगाला केवळ प्रत्यक्ष उल्लंघनाचीच नव्हे, तर असे उल्लंघन रोखण्यात लोकसेवकाने केलेल्या हयगयीचीही चौकशी करता येते. अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ मधील कलम ४ तर कर्तव्यात हेतुपुरस्सर कसूर करणाऱ्या लोकसेवकास शिक्षेस पात्र ठरवते.

याचा वार्तांकनाच्या दृष्टीने अर्थ असा की, गुन्हेवार्ता 'कोणी मारले?' एवढे विचारून थांबू शकते. मानवी हक्कांच्या वार्तेला मात्र त्यापुढे जाऊन 'वाचविण्याची जबाबदारी कोणाची होती, आणि ती का पार पाडली गेली नाही?' हा प्रश्न विचारावा लागतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर पोलीस ठाण्यात मिळते. दुसऱ्या प्रश्नात पोलीस ठाणेच उत्तरदायी असते. साहजिकच, ज्या वार्ताहराचा माहितीचा एकमेव स्रोत पोलीस ठाणे आहे, त्याच्याकडून दुसरा प्रश्न विचारला जाण्याची शक्यता फारच कमी असते.

भारतीय पत्रकारितेत या दुसऱ्या प्रश्नाची परंपरा नव्हती असे नाही. जानेवारी १९७९ मध्ये बिहारमधील कच्च्या कैद्यांविषयी 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये आलेल्या लेखांतून हुसैनारा खातून खटला उभा राहिला आणि शीघ्र न्यायचौकशी हा जीविताच्या हक्काचा भाग ठरला. मुंबईतील पत्रकार शीला बारसे यांनी तुरुंगातील स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या. पोलीस कोठडीत मारहाण झाल्याची त्यांची तक्रार बारसे यांनी पत्राद्वारे सर्वोच्च न्यायालयापुढे मांडली, आणि १९८३ च्या निर्णयाने स्त्री कैद्यांच्या संरक्षणाविषयी महत्त्वाचे निर्देश दिले. खैरलांजीच्या वार्तांकनाचे मूल्यमापन या परंपरेच्या पार्श्वभूमीवर व्हावयास हवे.

पहिला महिना : मौनाचे स्वरूप

घटनाक्रम थोडक्यात असा. ३ सप्टेंबर २००६ रोजी या कुटुंबाच्या निकटवर्ती असलेल्या, शेजारच्या गावातील पोलीस पाटलांना मारहाण झाली. कुटुंबातील आई व मुलगी यांनी या प्रकरणी आरोपींविरुद्ध जबाब दिले. आरोपींना अटक झाली, २९ सप्टेंबर रोजी त्यांची जामिनावर सुटका झाली, आणि त्याच दिवशी सायंकाळी हत्याकांड घडले. त्यामागे शेतजमिनीतून रस्ता काढण्याचा जुना वादही होता. संकटाची कल्पना देऊनही वेळेवर मदत पोहोचली नाही, असा आक्षेप सत्यशोधन समित्यांनी नोंदविला. पुढे काही पोलीस व वैद्यकीय अधिकाऱ्यांवर निलंबनाची कारवाईही झाली. अर्थात, साक्षीदाराच्या संरक्षणातील अपयश, अत्याचार प्रतिबंधक कायद्याची अंमलबजावणी आणि तपासातील हयगय हे सर्व मुद्दे पहिल्या आठवड्यातच उपलब्ध होते.

या आठवड्याचा संदर्भ विशेष लक्षणीय आहे. २ ऑक्टोबर २००६ रोजी विजयादशमी होती आणि धम्मचक्र प्रवर्तनाचे सुवर्णमहोत्सवी वर्ष असल्याने नागपूरच्या दीक्षाभूमीवर लक्षावधी अनुयायी एकत्र आले होते. भंडारा जिल्हा नागपूरला लागूनच आहे. तरीही ज्या समाजावर हा आघात झाला, त्या समाजाच्या एवढ्या प्रचंड मेळाव्यापर्यंत तीन दिवसांपूर्वीच्या हत्याकांडाची वार्ता म्हणावी तशी पोहोचली नाही. या एका वस्तुस्थितीतून तत्कालीन वृत्तव्यवहाराचे स्वरूप पुरेसे स्पष्ट होते.

या मौनाची कारणे केवळ व्यक्तिगत पूर्वग्रहात शोधणे पुरेसे नाही. मराठी वृत्तपत्रांची जिल्हानिहाय आवृत्त्यांची पद्धत येथे विचारात घ्यावी लागते. या पद्धतीमुळे खेड्यातील घडामोडींना छापील जागा मिळाली, हे मान्यच केले पाहिजे. परंतु त्याचबरोबर भंडाऱ्याची बातमी भंडाऱ्याच्या पानावरच राहते. पुण्या-मुंबईच्या वाचकाला ती दिसत नाही आणि मंत्रालयालाही तिची झळ लागत नाही. दुसरे असे की, तालुक्याचा वार्ताहर बहुधा अल्प मानधनावर काम करतो. बातमीबरोबरच जाहिराती मिळवून देण्याची जबाबदारीही अनेकदा त्याच्यावर असते. गावातील प्रतिष्ठितांना व पोलिसांना दुखावून त्याचा निर्वाह होणे कठीण असते.

याच वर्षी पी. साईनाथ यांनी एक तुलना मांडली होती. मुंबईतील एका फॅशन सप्ताहाच्या वार्तांकनासाठी ५१२ अधिस्वीकृत पत्रकार उपस्थित होते. त्याच काळात विदर्भातील शेतकरी आत्महत्यांसाठी बाहेरून आलेल्या पत्रकारांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. विदर्भ तोच आणि वर्षही तेच होते. खैरलांजीविषयीचे मौन या व्यापक उदासीनतेचाच भाग होते.

'अनैतिक संबंधां'ची चौकट

मौनापेक्षाही गंभीर बाब म्हणजे जे थोडे छापले गेले, त्याची भाषा. प्रारंभीच्या स्थानिक बातम्यांत या हत्याकांडाचे कारण 'अनैतिक संबंध' असे देण्यात आले. आनंद तेलतुंबडे यांनी आपल्या खैरलांजीवरील ग्रंथात (२००८) या वार्तांकनाची सविस्तर चिकित्सा केली आहे.

या शब्दप्रयोगाचे कार्य काय, हे पाहणे उद्बोधक आहे. तो मृत स्त्रीच्या चारित्र्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो. जमावाच्या हिंसेला तो 'गावाच्या संतापा'चे रूप देतो. आणि जमीन, साक्ष, जामीन व जात या चारही कारणांना एकाच फटक्यात नाहीसे करतो. ज्या स्त्रीने जमिनीवरील आपला हक्क सोडला नाही आणि आरोपींविरुद्ध जबाब देण्याचे धैर्य दाखविले, ती नागरिक म्हणून वाचकांसमोर यावयास हवी होती. प्रत्यक्षात ती एका संशयाचा विषय म्हणून आली.

येथे जातीच्या उल्लेखाचा प्रश्नही उपस्थित होतो. बातमीत जातीचा अनावश्यक उल्लेख टाळावा, असा संकेत भारतीय प्रेस परिषदेच्या आचारनियमांतही आहे. त्यामागील हेतू स्तुत्य आहे. परंतु अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील गुन्ह्यात पीडिताची जात हा गुन्ह्याचाच घटक असतो. अशा वेळी 'दोन गटांत वाद' किंवा 'ग्रामस्थांचा हल्ला' असे तटस्थ शब्द वापरणे म्हणजे तटस्थता नव्हे. ज्या संकेताने दुर्बलांची अप्रतिष्ठा टाळावयाची, त्याच संकेताने त्यांच्यावरील अन्याय झाकला जातो.

२९ ऑक्टोबर २००६ रोजी 'टाइम्स ऑफ इंडिया'त सविस्तर वृत्तान्त प्रसिद्ध झाला आणि प्रकरण राष्ट्रीय पातळीवर पोहोचले. तत्पूर्वी आंबेडकरी कार्यकर्ते व सत्यशोधन समित्या गावात जाऊन आल्या होत्या, अहवाल तयार होत होते आणि छायाचित्रे हातोहात फिरत होती. म्हणजेच माध्यमांचे काम प्रथम पीडित समाजानेच केले, हे नमूद करणे न्याय्य ठरेल.

मात्र या दुसऱ्या टप्प्यातील वार्तांकनही निर्दोष म्हणता येत नाही. क्रौर्याचे ऐकीव तपशील पडताळणीशिवाय पुनःपुन्हा छापले गेले आणि मृतदेहांची छायाचित्रे मृतांच्या प्रतिष्ठेचा विचार न करता प्रसृत झाली. वाचकाला हादरविणे आणि पुरावा जतन होईल असा दबाव निर्माण करणे, ही दोन वेगळी कामे आहेत. शवविच्छेदनातील त्रुटी, प्रथम खबरीतील कलमे व साक्षीदारांचे संरक्षण यांचा पाठपुरावा दुसऱ्या प्रकारात मोडतो, आणि तोच कमी पडला.

आंदोलनाचे वार्तांकन

नोव्हेंबर २००६ मध्ये विदर्भात निदर्शने सुरू झाली. तत्कालीन गृहमंत्र्यांनी त्यामागे नक्षलवाद्यांचा हात असण्याची शक्यता व्यक्त केली आणि या विधानाला ठळक प्रसिद्धी मिळाली. महिन्याच्या अखेरीस कानपूर येथे डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाल्यानंतर राज्यभर असंतोष उसळला व उल्हासनगरजवळ 'डेक्कन क्वीन'चे डबे जाळण्यात आले. त्या दिवसापासून चर्चेचा विषयच पालटला. चार माणसांच्या हत्येला ज्या पहिल्या पानावर महिनाभर जागा मिळाली नव्हती, तेथे रेल्वेच्या डब्यांना तत्काळ जागा मिळाली. हिंसक आंदोलनाचे समर्थन करण्याचे कारण नाही. परंतु शांततेने मांडलेले गाऱ्हाणे छापावयाचे नाही आणि ते रस्त्यावर आले की 'कायदा व सुव्यवस्थे'चा प्रश्न म्हणून छापावयाचे, या पद्धतीने माध्यमे स्वतःच हिंसेचे मोल वाढवितात, याचा विचार व्हावयास हवा.

याच वर्षीची आणखी एक तुलना उद्बोधक आहे. दिल्लीतील एका मॉडेलच्या १९९९ मधील खुनाच्या खटल्यात फेब्रुवारी २००६ मध्ये आरोपी निर्दोष सुटले, तेव्हा दूरचित्रवाहिन्यांनी लघुसंदेशांची मोहीम उभारली. डिसेंबर २००६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मुख्य आरोपीला दोषी ठरविले. ती मोहीम योग्यच होती. परंतु खैरलांजीच्या वाट्याला अशी मोहीम आली नाही, कारण तेथील मृतांमध्ये वाहिन्यांच्या प्रेक्षकाला स्वतःचे घर दिसत नव्हते.

निकाल आणि मथळे

तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. सप्टेंबर २००८ मध्ये भंडारा येथील न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवून सहा जणांना फाशी व दोघांना जन्मठेप दिली. तिघांची निर्दोष मुक्तता झाली. मथळे अर्थातच फाशीचे होते. परंतु अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील आरोप न्यायालयाने सिद्ध मानले नाहीत, ही तितकीच महत्त्वाची बाब अनेक वाचकांच्या लक्षातही आली नाही. १४ जुलै २०१० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी २५ वर्षांचा कारावास दिला आणि सूडभावनेतून झालेले कृत्य हेच स्वरूप ग्राह्य धरले.

न्यायालयाच्या निष्कर्षाशी मतभेद असू शकतो, परंतु तो कायद्याच्या तत्कालीन शब्दांशी निगडित होता. पीडित अनुसूचित जातीचा आहे 'या कारणावरून' गुन्हा घडल्याचे सिद्ध करणे त्या वेळी आवश्यक होते. २०१५ च्या दुरुस्तीने, जी २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आली, पीडिताच्या जातीची माहिती असणे पुरेसे ठरविले. खैरलांजीसारख्या प्रकरणांतून पुढे आलेली ही उणीव वाचकांना समजावून सांगणे हे मानवी हक्कांच्या पत्रकारितेचे खरे कार्य होते. फाशीच्या मथळ्याने वाचकाचे समाधान झाले आणि प्रश्न तेथेच मिटला. कुटुंबातील वाचलेले वृद्ध गृहस्थ जानेवारी २०१७ मध्ये निधन पावले, तेव्हा खैरलांजी पुन्हा एक दिवसापुरती बातमी झाली.

वृत्तकक्षाची रचना

जून २००६ मध्ये, म्हणजे या घटनेच्या अवघे काही महिने आधी, योगेंद्र यादव, अनिल चमडिया व जितेंद्र कुमार यांनी दिल्लीतील ३७ हिंदी व इंग्रजी माध्यमसंस्थांतील ३१५ निर्णायक पदांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात अनुसूचित जाती वा जमातीची एकही व्यक्ती आढळली नाही. ही पाहणी मराठी माध्यमांची नव्हती, त्यामुळे तिचे निष्कर्ष जसेच्या तसे येथे लागू करता येणार नाहीत. परंतु कोणती घटना 'बातमी' आहे हे ठरविणाऱ्या टेबलाभोवती कोण बसते, हा प्रश्न तिने अटळ केला. डॉ. आंबेडकरांना ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' का काढावा लागला, याचे उत्तरही याच प्रश्नात आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, खैरलांजीच्या वार्तांकनातील दोष केवळ विलंबाचा नव्हता. मौन, चारित्र्यहनन, सुव्यवस्थेची चौकट आणि शिक्षेचा मथळा या चारही टप्प्यांवर राज्ययंत्रणेच्या उत्तरदायित्वाचा प्रश्न बाजूला पडत गेला. गुन्हा छापला गेला. हक्काचे उल्लंघन छापले गेले नाही.

आज समाजमाध्यमांमुळे अशी घटना महिनाभर दडून राहणे कठीण झाले आहे. सप्टेंबर २०२० मधील हाथरस प्रकरणी देशाला काही दिवसांतच माहिती मिळाली. तथापि, तेथेही मृत तरुणीच्या चारित्र्याविषयी कुजबुज पसरविली गेलीच. माहितीचा वेग वाढला, चौकट मात्र तीच राहिली. पत्रकारितेच्या अभ्यासक्रमात अत्याचार प्रतिबंधक कायदा, प्रथम खबर व शवविच्छेदन अहवाल यांच्या वाचनाचा समावेश होणे म्हणूनच आवश्यक आहे. महाविद्यालयातील अध्यापकांना हे सहज करता येण्यासारखे आहे. खैरलांजीच्या त्या महिन्याची वृत्तपत्रे विद्यार्थ्यांसमोर ठेवून, त्यांत कोणता प्रश्न विचारलेला नाही एवढेच शोधावयास सांगितले, तरी या विषयाचे अध्ययन योग्य ठिकाणाहून सुरू होईल.